डबीमागचा नंबर

पोरी, काल रेंजवरून आलीस ती तोंड पाडून. नऊ पॉइंट आठ, नऊ पॉइंट सहा, मधूनच एक दहा पॉइंट सात. आधी रायफलला नावं ठेवलीस, मग स्वतःला. छऱ्यांच्या डबीला मात्र अवाक्षर बोलली नाहीस. तोंडी सांगितलं की तू ‘हो आजोबा’ म्हणतेस आणि मोबाइलमध्ये डोकं घालतेस, म्हणून लिहूनच देतो.

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत मी आयुष्यभर तपासणी खात्यात होतो. डोंबिवलीहून सकाळी उलट्या दिशेची गाडी, त्यामुळे बसायला जागा, एवढीच काय ती चैन. काडतुसाची नळी ज्यापासून ओढतात ते पितळेचे कप मायक्रोमीटरमध्ये धरायचे आणि जाडी मोजायची. सुरुवातीला मला वाटायचं, आपण चांगला माल शोधतोय. आमच्या वरिष्ठांनी एकदा समोर दोन ट्रे ठेवले. एकातले सगळे कप जरा जाड, पण सगळे तेवढेच जाड. दुसऱ्यातले निम्मे अगदी मापात आणि निम्मे इकडेतिकडे. म्हणाले, पहिल्या ट्रेचं काहीतरी करता येईल, दुसऱ्याचं काहीच नाही. तुझ्या डबीलाही मी तोच नियम लावतो. छर्रा चांगला नसला तरी चालेल, शेजारच्यासारखा हवा.

परवा तू मला अमेरिकेतल्या त्या माणसाचा व्हिडिओ दाखवलास. गॅरेजमध्ये बसून जुन्या नळ्यांत नवी टोपी बसवतो, दारू तोलून भरतो, वर गोळी दाबतो. आपल्या बॅरलला मानवेल असं काडतूस तो स्वतः बनवतो आणि नेम सुधारतो. तो खटाटोप खरा आहे, पण आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो विषय तिथेच संपला. आणि पॉइंट टू-टूचं काडतूस तर तिकडेही घरी पुन्हा भरत नाहीत. त्याची पेटवणारी दारू नळीच्या काठात असते. पिन काठावर आपटली की काठ चेपतो आणि नळी कायमची कामातून जाते. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं ना, त्या प्रकारात सगळे हेच, कारखान्याचंच काडतूस वापरतात. मग करतात काय? रायफल शिकंज्यात आवळून एकेका लॉटची काडतुसं झाडून बघतात आणि जो लॉट बॅरलला पटेल तो घाऊक उचलतात. भरणं हातात नसलं तरी निवडणं हातात असतं.

तुझ्या 10 मीटरच्या एअर रायफलमध्ये दारूच नाही, हवा आहे. पण निवडीची गोष्ट तीच.

डबीवर 4.49, 4.50 असे आकडे असतात, ते छऱ्याच्या डोक्याचं माप. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक. यातलं चांगलं कुठलं, हा प्रश्नच चुकीचा. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोला वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली, अभिनव बिंद्रानंतर या प्रकारात दुसराच भारतीय, तेव्हापासून इथली पोरं विचारत सुटली आहेत की तो कुठला छर्रा वापरतो. अरे, त्याची बॅरल तुझ्या घरी आहे का? एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेव, एकीला 4.49 आवडेल, दुसरीला 4.50. त्यांना विचारायची पद्धत एकच, शिकंजा. रायफल त्यात घट्ट धरायची म्हणजे तुझा खांदा, तुझा श्वास आणि तुझा मूड बाजूला होतो. एका कार्डावर एकाच जागी दहा शॉट. भोकाचं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत माप व्हर्निअरने घ्यायचं. छर्राच साडेचार मिलिमीटरचा, तेव्हा भोक त्याच्या जेवढं जवळ तेवढं बरं. पाच शॉटच्या ग्रुपवर भाळू नकोस, पाचात नशीब लपतं. पसंत पडलेल्या डबीचे आणखी दहा मारून बघ. आणि छऱ्याचा ब्रँड बदललास की पहिले वीस-पंचवीस मोजूच नकोस. बॅरलच्या आत आधीच्या शिशाचा लेप असतो, तो बदलायला वेळ लागतो.

आता डबी उलटी कर. मागे चिकटवलेल्या पट्टीवर लॉटचा नंबर आहे. वहीत डबीचं नाव लिहू नकोस, तो नंबर लिही. नाव तेच आणि नंबर वेगळा, तर माल वेगळा समजायचा. हे मी फी भरून शिकलोय. शेजारच्या मुलासाठी स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात एका दुकानातून ‘त्याच’ डब्या आणल्या. दुकानदार म्हणाला तेच आहे साहेब, आणि आयुष्यभर लॉट नंबर तपासलेल्या मी मान डोलावली. मुलाचे शॉट दिवसभर डावीकडे खाली. डबी उलटी करून पाहिली ती घरी येताना, गाडीत.

वजनाबद्दल विचारलं होतंस. मॅचचा छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला 170 मीटरच्या आसपास जातो. दहा मीटर जाईपर्यंत तो सोळा-सतरा मिलिमीटर खाली पडतो, साइट त्या हिशेबानेच लावलेली असते. एखादा छर्रा 0.01 ग्रॅमने जड निघाला तर वेग सुमारे एक टक्क्याने उतरतो आणि तो मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याने जास्त खाली लागतो. तुमच्या मोजणीत पाव मिलिमीटरला एक दशांश गुण, म्हणजे एक दशांश तर नक्की गेला. एवढं वाचून डबीतले पाचशेच्या पाचशे तोलायला बसू नकोस. मी एकदा बसलो होतो, सराफी काट्यावर. पंखा चालू होता, काट्याचे आकडे नाचत होते आणि मी तासभर छऱ्यांना दोष देत होतो. पंखा बंद केला तर घाम काट्यावर टपकतो, हा आपल्या एप्रिल-मेचा खास प्रश्न. शेवटी निघालं एवढंच की चांगल्या डबीत दोन-चार वात्रट सापडतात, बाकी सरळ असतात. स्पर्धेपुरते साठ आणि सरावाचे थोडे तोल, बास. पहाटे.

वजनापेक्षा मी घेराकडे जास्त बघतो. छऱ्याचा मागचा भाग पोकळ, पातळ शिशाचा, परकराच्या घेरासारखा. हवा तिथेच भरते आणि घेर बॅरलला चिकटतो. तो एका बाजूने चेपला की हवा एका अंगाने निसटते. ट्यूबलाइटखाली छर्रा चिमटीत धरून सावकाश फिरव. कड गोल असेल तर चकाकी अखंड फिरते, चेपली असेल तर एके ठिकाणी ती उडी मारते. तुझे निम्मे छर्रे मला असे उड्या मारणारे दिसले. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही: डबी सॅकमध्ये, डबीवर टिफिन आणि सॅकवर डोंबिवली ते ठाणे अख्खा महिला डबा. झाकणाखालचा स्पंज फेकून दिलास ना? तो शोभेला नव्हता. डबी कंपासपेटीसारख्या कडक खोक्यात ठेव आणि रेंजवर साठ छर्रे खाचांच्या ट्रेमध्ये मांड, मुठीने उपसू नकोस. पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटी धरते. बुटांच्या खोक्यातल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या फेकायच्या नाहीत, डबीच्या खोक्यात टाकायच्या.

आणि हात! शिसं पोटात गेलेलं वाईट. साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. एकदा पाहिलंय मी तुला.

रविवारी सकाळी शिकंज्याची वेळ मागून घे, त्या वेळी रेंज रिकामी असते. वेगवेगळ्या नंबरांच्या तीन डब्या आणून फ्रिजवर ठेवल्यात. तुझ्या आजीने काल एक उघडून बडीशेपेची आहे का पाहिलं, तेव्हा लवकर घेऊन जा.