स्वयंपाकघर कोणाचे, व्यवसाय कोणाचा?

प्रश्न : शिवाजी पार्क परिसरातील एका जुन्या पागडीच्या इमारतीत राहणाऱ्या वाचक भगिनींना घरच्या स्वयंपाकघरातून डबे आणि सणावारी फराळ पुरवण्याचा व्यवसाय मैत्रिणीबरोबर सुरू करायचा आहे. मैत्रीण तीन लाख रुपये घालणार असून नफा निम्मा-निम्मा वाटायचा आहे. भागीदारी संस्था नोंदवावी की प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढावी, आणि कर कशात कमी बसेल, असे त्यांनी विचारले आहे. भाडेपावती सासूबाईंच्या नावावर आहे, घरमालकाने पुनर्विकासाची बोलणी सुरू केली आहेत आणि ‘यातून भलतेच काही निघायला नको’ असे सासूबाई म्हणतात, हे पत्राच्या शेवटी ओझरते आले आहे.

उत्तर : विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. भागीदारी संस्थेच्या आणि कंपनीच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून ठरावीक दराने आयकर लागतो, तर एकल मालकीच्या व्यवसायाचा नफा मालकाच्या व्यक्तिगत उत्पन्नात धरला जातो आणि त्याला करमुक्त मर्यादेचा लाभ मिळतो. त्यामुळे डब्यांच्या व्यवसायासाठी एकल मालकीच स्वस्त पडते. दोघींच्या स्वयंपाकघरासाठी लेखापरीक्षण आणि दरवर्षीची विवरणपत्रे यांचा भार असलेली कंपनी काढणे हा निव्वळ हौसेचा खर्च आहे.

खरा प्रश्न सासूबाईंनी विचारला आहे आणि पत्रलेखिकेने तो शेवटी ढकलला आहे. पागडी म्हणजे जागेचा ताबा घेताना दिलेली एकरकमी रक्कम. ती दिल्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाडे भरणारी कुटुंबे स्वतःला मालक समजू लागतात, परंतु कायद्याच्या लेखी ती भाडेकरूच असतात आणि त्यांचे सारे संरक्षण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधून येते. वेगळा करार नसेल तर भाडेकरूने जागा किंवा तिचा भाग पोटभाड्याने देणे, परवान्याने वापरू देणे किंवा आपला हक्क अन्य रीतीने दुसऱ्याकडे सोपवणे या अधिनियमाच्या कलम 26 नुसार बेकायदेशीर आहे, आणि असे झाल्यास कलम 16 नुसार घरमालकाला लघुवाद न्यायालयात जागा परत मागता येते. घरातील सून घरात काम करते याला पोटभाडे म्हणता येत नाही. सून आणि मैत्रीण यांची भागीदारी संस्था मात्र वेगळी गोष्ट आहे, कारण ज्यांच्या नावावर पावती आहे त्या सासूबाई तिच्यात भागीदारच नाहीत. म्हणजे भाडेकरूने आपली जागा परक्या संस्थेला वापरायला दिली, असे घरमालकाच्या वकिलाला सहज मांडता येते.

सासूबाईंना कागदावर तिसऱ्या भागीदार करून घेतले की झाले, हा सल्ला दादरमध्ये सर्रास दिला जातो आणि तो अर्धवट आहे. गोव्यातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ही भूमिका स्पष्ट केली : भाडेकरू व्यवसायात खरोखर सहभागी असेल आणि जागेवरील नियंत्रण त्याच्याकडेच असेल तर भागीदारीमुळे पोटभाडे होत नाही, परंतु भागीदारीपत्र हा केवळ पडदा असेल तर न्यायालय तो दूर सारून आतले पाहते. जागेचा स्वतंत्र ताबा तिसऱ्याकडे आहे असे एकदा दिसले की खुलासा भाडेकरूला करावा लागतो. हिशेब ठाऊक नसलेल्या, बँक खात्यावर सहीचा अधिकार नसलेल्या वृद्ध बाईंना उलटतपासणीत हा खुलासा देता येईल, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

कंपनीच्या बाबतीत धोका अधिक आहे, कारण कंपनी ही कायद्याने तिच्या भागधारकांहून वेगळी व्यक्ती असते. सिंगर या शिवणयंत्रांच्या कंपनीचे दुसऱ्या कंपनीत उच्च न्यायालयाच्या मंजुरीने विलीनीकरण झाले होते, तरीही भाडेकरू बदलला असे धरून 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या भाडे कायद्याखाली घरमालकाच्या बाजूने निकाल दिला. तेथे न्यायालयाच्या शिक्क्याचा उपयोग झाला नाही, तर नोटरीच्या शिक्क्याचा काय होणार?

या सापळ्याचा पुरावा व्यावसायिक स्वतःच गोळा करून ठेवतो, ही यातील सर्वांत वाईट बाब आहे. अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, उद्यम नोंदणी, वस्तू व सेवा कराची नोंदणी, चालू खाते या प्रत्येक कागदावर संस्थेचे नाव आणि घराचा पत्ता शेजारी शेजारी छापलेले असतात आणि त्यांतील काही माहिती कोणालाही ऑनलाइन पाहता येते. नोंदणी टाळावी असा याचा अर्थ नाही, कारण घरगुती प्रमाणावर अन्न विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा नोंदणी अनिवार्य आहे. ती कोणाच्या नावाने घ्यायची ते आधी ठरवावे, एवढाच अर्थ आहे. पुनर्विकास दाराशी आलेला असताना तर हे अधिकच जपावे, कारण एक भाडेकरू कमी झाला की मोकळी होणारी जागा घरमालकाला नेमकी कळते.

यातून निघणारा मार्ग फारसा आकर्षक नाही. व्यवसाय पत्रलेखिकेच्या किंवा सासूबाईंच्या एकल मालकीचा ठेवावा. मैत्रिणीचे तीन लाख रुपये भांडवल म्हणून न घेता बँकेमार्फत, लेखी आणि व्याजाने कर्ज म्हणून घ्यावेत. नफ्यात वाटा आणि घराची किल्ली या दोन्ही गोष्टी तिला देऊ नयेत. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील घरगुती व्यवसायाची सवलतही कुटुंबातील व्यक्तीने, पगारी माणूस न ठेवता आणि बाहेर पाटी न लावता केलेल्या कामापुरतीच आहे, त्यामुळे मैत्रीण रोज येऊन पोळ्या लाटू लागली तर तीही डळमळीत होते. घरगुती गॅसजोडणी व्यवसायाला वापरता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

मैत्रिणीला बरोबरीची भागीदारच करायचे असेल तर दोन वाटा उरतात. घरमालकाची लेखी संमती घ्यावी, जिच्यासाठी रक्कम घेण्याची मुभा कलम 56 त्याला देते. तोंडी होकार निरुपयोगी आहे. नाहीतर बाहेर एखादा गाळा अनुज्ञा-करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापराच्या परवानगीवर, घ्यावा. महाराष्ट्रात कलम 55 नुसार असा करार, अकरा महिन्यांचा असला तरी, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. खाद्यव्यवसायासाठी महापालिकेचा कोणता परवाना लागेल याची चौकशी प्लाझा सिनेमामागील जी उत्तर विभाग कार्यालयात अनामत देण्यापूर्वी करावी. अशा गाळ्यात भागीदारी केल्यास ती नोंदवावी, कारण भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 69 मुळे नोंदणी नसलेल्या संस्थेला बुडवेगिरी करणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध करारावर दावा लावता येत नाही. शिवाय एकीने संस्थेच्या नावे केलेल्या उधारीला दुसरीही स्वतःच्या मिळकतीनिशी जबाबदार राहते.

मैत्रिणीकडून पैसे घेतले गेले असतील तर ते कर्ज असल्याचा लेख दोघींनी आताच करावा आणि संस्थेच्या नावाने कोठेही अर्ज केला असल्यास तो मागे घ्यावा.