दाताची सिरॅमिक कॅप : आकडा ऐकण्याआधी हिशेब समजून घ्या



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. राहून गेलेली दुखणी दाखवायला याच काळात वेळ मिळतो, पण हातात पैसा कमी असतो. दाताच्या कॅपचे एका दवाखान्यात पाच हजार सांगतात, दुसरीकडे बारा हजार. मग कोणीतरी फसवतंय असं वाटतं, नाहीतर "राहू दे" म्हणून दात तसाच ठेवला जातो. म्हणून आज हा हिशेब उलगडून पाहू.

१) कॅप लागते कशाला?
दाढ आधी किडीने पोखरलेली असते, रूट कॅनाल करताना आणखी कोरावी लागते. भिंती पातळ राहतात. दुखायचं थांबलं की आपण काम झालं समजतो. पण चावताना अशी दाढ उभी चिरू शकते. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढावीच लागते आणि रूट कॅनालचे पैसेही वाया जातात. म्हणून मागच्या दाढेला रूट कॅनालनंतर कॅप टाळू नये. समोरचा दात फारसा मोडलेला नसेल तर कधीकधी नुसतं भरून भागतं, ते डॉक्टरांना विचारा.

२) दर का बदलतो?
• धातूची कॅप : सगळ्यात स्वस्त आणि मजबूत. दात कमी घासावा लागतो. फक्त चंदेरी दिसते.
• धातूवर सिरॅमिक : आत धातू, वर भट्टीत भाजलेलं पोर्सेलिन. दर मधला. पोर्सेलिनचा टवका उडू शकतो. हिरडी सरकली की कडेला काळी रेघ दिसू लागते.
• झिरकोनिया : यात धातूचा सांगाडा नाही, पूर्ण पांढरी. कॉम्प्युटरवर आकार काढून यंत्राने ठोकळ्यातून कोरतात आणि सुमारे १५०० अंशांवर भाजतात. भाजताना ती साधारण २० टक्के आकसते, म्हणून आधी तेवढी मोठी कोरावी लागते. हे यंत्र, ही भट्टी आणि तो ठोकळा यांचे पैसे दरात येतात.
• लिथियम डायसिलिकेट : काचेच्या जातीचं सिरॅमिक. खऱ्या दातासारखा उजेड आत जातो, म्हणून समोरच्या दातांना शोभतं. झिरकोनियाइतकं मजबूत नाही. हेही महागच.

३) आकड्यात काय धरलंय?
बोटीच्या कामाचं कोटेशन घेताना आपण सामान वेगळं, मजुरी वेगळी विचारतो. इथेही तसंच. कॅप बाहेरच्या लॅबमध्ये बनते, त्याचं बिल असतं. दात घासणं, माप घेणं, तात्पुरती कॅप आणि शेवटी पक्की बसवणं ही डॉक्टरांची मजुरी. रूट कॅनाल, एक्स-रे आणि मोडलेल्या दाताला आतून आधार देणं याचे पैसे बहुतेक वेळा वेगळे असतात. म्हणून दोन दवाखान्यांचे आकडे ताडताना दोन्हीकडे तीच कामे धरली आहेत का ते आधी बघा.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा : युनिट. एक दात काढला आणि ब्रिज करायचा तर दोन्ही शेजारच्या दातांना धरून तीन युनिट होतात. समजा दर युनिटला ६,००० आहे, तर बिल १८,००० चं. शिवाय शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात ते वेगळंच. दात वाचवून एकच कॅप घालणं किती स्वस्त पडतं ते यावरून कळेल.

४) वॉरंटी म्हणजे काय?
झिरकोनियाबरोबर बऱ्याचदा वॉरंटी कार्ड मिळतं. कार्डावर दहा वर्षं लिहिलं म्हणजे दात दहा वर्षं टिकेल असं नाही. कॅप फुटली तर लॅब नवी देते, एवढाच सहसा त्याचा अर्थ. कॅपच्या खालच्या कडेला कीड लागली किंवा हिरडी खराब झाली तर वॉरंटीचा उपयोग नाही. महाग कॅपलाही रोज दोनदा ब्रश लागतोच. तंबाखू चालू असेल तर हिरडी आधी जाते, मग कॅप कुठलीही असो.

५) कुठे वाचवावे?
मागची, कोणाला न दिसणारी दाढ असेल तर धातूची कॅप घेण्यात काही कमीपणा नाही. हसताना दिसणाऱ्या दातावर सिरॅमिकचा खर्च समजण्यासारखा आहे. झोपेत दात खायची सवय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. जाळ्याचा दोरा दातांनी तोडणं मात्र बंद करा.
बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज सरकारी आहे. तिथे खाजगीपेक्षा खर्च कमी येतो, पण खेपा जास्त पडू शकतात. बंदीच्या दोन महिन्यांत हे जमण्यासारखं आहे.

६) हो म्हणण्याआधी विचारा
• कॅप नक्की कुठल्या प्रकारची?
• दर एका युनिटचा की सगळ्या कामाचा?
• कोणते पैसे वेगळे लागतील?
• खेपा किती?
• वॉरंटीत काय येतं, काय येत नाही?
• याच दाताला स्वस्त प्रकार चालेल का?

उत्तरे कागदावर लिहून मागा. चांगला डॉक्टर राग मानत नाही. आणि पैसे आज जमत नसतील तर तसं स्पष्ट सांगा. आधी कुठलं काम केलंच पाहिजे आणि कुठलं थोडं थांबू शकतं ते डॉक्टर सांगतील. पण न विचारता वर्षभर दाढ उघडी ठेवू नका.

ही पोस्ट घरातल्या माणसांनाही वाचून दाखवा.

– सचिव