शंका-समाधान : कार्डं फेकू नका, नावं जुळवा

ग्रंथालयाच्या तालिकेचे नियम बदलले, ही बातमी आता जिल्ह्यातल्या लहान वाचनालयांपर्यंत पोहोचली आहे. या वेळची बहुतेक पत्रं मालवण तालुक्यातून, त्यातही तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यातून आली आहेत. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत.

शंका : आमचं वाचनालय 'ड' वर्गाचं. ग्रंथपाल मी आणि लिपिकही मीच. प्रशिक्षणात 'आरडीए' नावाचे नवे नियम आल्याचं सांगितलं. मग आजवर हाताने लिहिलेली कार्डं चुकीची ठरली का? सगळी पुन्हा लिहायची का?
— एक ग्रंथपाल, तारकर्ली

समाधान : ताई, एकही कार्ड पुन्हा लिहू नका. आपण शिकलो ते अँग्लो-अमेरिकन नियम म्हणजे १९७८ ची दुसरी आवृत्ती. तिच्या जागी २०१० साली 'रिसोर्स डिस्क्रिप्शन अँड ॲक्सेस', म्हणजे आरडीए, आलं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते ३१ मार्च २०१३ पासून लागू केलं, पण आधीच्या लाखो नोंदी काही त्यांनी पुसल्या नाहीत. जुन्या नोंदी जुन्या नियमांनी, नव्या नोंदी नव्या नियमांनी, अशा त्या एकाच तालिकेत नांदत आहेत. एवढ्या मोठ्या ग्रंथालयाला हे चालतं, तर तुम्ही रात्रीची झोप घालवण्याचं कारण नाही.

बदल का झाला ते समजलं की भीती जाते. जुने नियम साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरच्या कार्डासाठी घडले होते. जागा अपुरी, म्हणून 'पृ.', 'आ.', 'संपा.' अशी काटकसर. संगणकात जागेचा तुटवडा नाही, म्हणून आता 'पृष्ठे', 'आवृत्ती', 'संपादक' असं पूर्ण लिहायचं. आपल्या गावांच्या दृष्टीने याहून मोठा बदल लेखकांच्या संख्येचा आहे. जुन्या नियमात तिघांपेक्षा जास्त लेखक किंवा संपादक असले की पहिलं नाव द्यायचं आणि पुढे 'व इतर' लिहून मोकळं व्हायचं. समजा, दशावतारावरच्या एखाद्या स्मरणिकेचे पाच संपादक आहेत आणि चौथा तुमच्या वाडीतला आहे. त्याची नात उद्या आजोबांच्या नावाने शोधायला आली, तर जुन्या कार्डावर तिला काहीच सापडणार नाही. नव्या नियमात पाचही नावं देता येतात. माझ्या मते लहान वाचनालयाने आरडीएमधून पहिली गोष्ट उचलावी ती हीच. रंगनाथनांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यांतलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याचं आहे. कुठलाही नवा नियम मी त्याच कसोटीवर घासून पाहतो.

कामाची पद्धत अशी ठेवा. येत्या १ एप्रिलपासून दाखल होणारं प्रत्येक पुस्तक नव्या रीतीने नोंदवा. जुनं पुस्तक देवघेवीत हाताखाली आलं की त्याची नोंद तेवढ्यापुरती सुधारा. जी पुस्तकं कुणी नेतच नाही, ती थांबतील. दाखल रजिस्टरला मात्र या सगळ्यात हात लावू नका. ते तालिकेचा भाग नाही. तपासणीत आणि पडताळणीत तोच मूळ दस्तऐवज धरला जातो, त्यात खाडाखोड नको.

शंका : मी निवृत्त शिक्षक. आमच्या वाचनालयात आरती प्रभूंचे कवितासंग्रह एका ठिकाणी आणि खानोलकरांच्या कादंबऱ्या दुसऱ्या ठिकाणी नोंदल्या आहेत. माणूस एकच. नव्या नियमांनी ही चूक सुधारता येईल का?
— एक वाचक, मालवण

समाधान : गुरुजी, ही चूक नाही. अर्धवट राहिलेलं काम आहे.

चिंतामणी त्र्यंबक खानोलकर आपल्याच जिल्ह्यातले, वेंगुर्ला तालुक्यातले. जन्म १९३०, मृत्यू १९७६. कविता त्यांनी आरती प्रभू या नावाने लिहिली. 'जोगवा', 'दिवेलागण' आणि 'नक्षत्रांचे देणे' हे संग्रह त्या नावावर आहेत. 'कोंडुरा', 'चानी' या कादंबऱ्या आणि 'एक शून्य बाजीराव' हे नाटक चिं. त्र्यं. खानोलकर या नावावर. लेखकाने स्वतःच आपली दोन रूपं वेगळी ठेवली असतील, तर तालिकेनेही ती वेगळी ठेवावीत, असं नवे नियम सांगतात. जुन्या नियमांच्या १९८८ च्या सुधारणेतही हे आलं होतं. म्हणून दोन ठिकाणच्या दोन नोंदी योग्यच आहेत. चुकलं ते एवढंच, की त्यांच्यामध्ये पूल बांधला नाही. 'आरती प्रभू'खाली 'हेही पाहा : खानोलकर, चिं. त्र्यं., १९३०-१९७६' असं हवं, आणि खानोलकरांखाली उलट दिशेने तसंच. साहित्य अकादमीचा १९७८ चा पुरस्कार 'नक्षत्रांचे देणे'ला मिळाला, हे वाचून कुणी 'खानोलकर' शोधत आला तर त्याला कविता सापडली पाहिजे.

जन्म-मृत्यूची सालं शोभेसाठी नसतात. नुसतं 'खानोलकर' लिहिलंत तर 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक' लिहिणारे गं. दे. खानोलकरही त्याच ढिगात येऊन पडतील. कोकणात आडनावं मोजकी आणि लिहिणारे पुष्कळ, त्यामुळे हा गोंधळ आपल्याकडे जास्त होतो.

प्रत्येक वाचनालयाने नावांची एक पक्की यादी करावी, अगदी शंभर पानी वहीत केली तरी चालेल. एका नावाला एक पान. वर ठरवलेलं रूप, खाली त्याच माणसाची बाकी सगळी रूपं. कुसुमाग्रजांच्या पानावर 'हेही पाहा : शिरवाडकर, वि. वा.', विभावरी शिरूरकरांच्या पानावर 'हेही पाहा : बेडेकर, मालती', जयवंत दळवींच्या पानावर 'ठणठणपाळ'. नवं पुस्तक नोंदवण्याआधी ही वही उघडायची. आरडीएचं पुस्तक तुम्ही कधीच वाचलं नाही, पण ही वही इमानदारीने चालवलीत, तरी तालिकेचं निम्म्याहून अधिक काम झालं असं मी समजेन.

शंका : आमची मालवणी नाटकां खंयच्या कपाटात ठेवूची? मराठीच्या की कोंकणीच्या?
— एक नाट्यवेडा, देवबाग

समाधान : ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी ८९१.४६३. कोंकणीची जागा त्याच घरात, पण वेगळ्या खोलीत आहे : ८९१.४६९. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' मराठी रंगभूमीवर मराठी नाटक म्हणून आलं, गाजलं आणि तसंच छापलं गेलं. म्हणून ते ८९१.४६२ मध्येच ठेवा. मालवणी ही मराठीची बोली की कोंकणीची, हा भाषाशास्त्रातला वाद कपाटाच्या फळीवर सुटणार नाही, आणि वाचकाला तोवर ताटकळत ठेवणंही बरं नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. नोंदीत भाषेविषयी टीप लिहायला स्वतंत्र जागा असते. मार्क पद्धतीत तिचा क्रमांक ५४६. तिथे 'संवाद मालवणी बोलीत' असं लिहा. पुढे कुणी विद्यार्थी मालवणीवर अभ्यास करायला आला, तर त्या एका टिपेवर त्याला कथा, कविता, नाटकं अशी सगळी पुस्तकं एकत्र मिळतील, मग ती कुठल्याही कपाटात असोत. ही टीप दिल्ली किंवा वॉशिंग्टनमध्ये बसून कुणी लिहून देणार नाही. मालवणी कानाला ओळखणाऱ्यानेच ती लिहायला हवी.

शंका : सुट्टीत आम्ही मुलं वाचनालयाच्या नोंदी संगणकावर भरतो. 'वाऱ्यावरची वरात' भरलं आहे, डोळ्यांना दिसतं, पण शोधलं तर येत नाही. सॉफ्टवेअर बिघडलं का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, तारकर्ली

समाधान : सॉफ्टवेअर ठीक आहे. तुम्ही हे काम करता आहात याचा मला फार आनंद झाला, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

'ऱ्या' हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एका तऱ्हेत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग 'या'. दुसऱ्या तऱ्हेत साधा 'र', हलन्त, त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग 'या'. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. भरणाऱ्याने एका कळफलकावर भरलं आणि शोधणाऱ्याने मोबाइलवरून दुसऱ्या तऱ्हेने शोधलं, की पु. ल. देशपांडे कपाटात असूनही हाती लागत नाहीत. 'ॲ'चंही तसंच. २००८ पासून युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा आहे, पण अनेक जण अजून 'अ'वर चंद्र चढवतात.

उपाय एकच : सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा. इनस्क्रिप्ट घेतला तर 'र'ची कळ शिफ्टसह दाबली की 'ऱ' येतो. त्यापुढे हलन्त, मग 'य'. झालेल्या नोंदींत शोधा-आणि-बदला करून दुसरं रूप काढून टाका. त्याआधी सगळ्या नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती वाचनालयाच्या बाहेर, कुणाच्या तरी घरी ठेवा.

आणखी एक. जुना डेटा श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल, तर रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार आणि जोडाक्षरं हमखास सरकतात. 'दुर्गा', 'कर्णिक', 'ज्ञानेश्वर', 'लक्ष्मण' असे शब्द आधी तपासा. ते नीट उतरले असतील तर बाकीचंही बहुधा नीट असतं.

शंका : कोहा किंवा ई-ग्रंथालय वापरून परदेशी ग्रंथालयांतल्या तयार नोंदी उतरवून घेता येतात म्हणे. मराठी पुस्तकांच्या मिळतात का? टायपिंग वाचेल.
— वाचनालयाचे एक कार्यवाह

समाधान : मिळतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं नवी दिल्लीत १९६२ पासून कार्यालय आहे आणि तिथून मराठी पुस्तकंही घेतली जातात. अडचण अशी, की त्या नोंदींत पुस्तकाचं नाव बहुधा रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं देऊन लिहिलेलं असतं. तुमचा वाचक तसं कधीच शोधणार नाही. म्हणून आकार, पृष्ठसंख्या, विषय, वर्गांक तयार घ्या, पण ग्रंथनाम आणि लेखक मुखपृष्ठामागचं पान समोर ठेवून देवनागरीत स्वतः भरा. पर्यटक तारकर्लीच्या निवासांत इंग्रजी कादंबऱ्या ठेवून जातात आणि त्या वाचनालयाकडे येतात. त्यांच्या नोंदी मात्र आयएसबीएन टाकून जशाच्या तशा उतरवा, तिथे वेळ घालवू नका.

शंका : संगणक आला. दमट हवेने फुगलेली, बुरशी धरलेली कार्डं रद्दीत दिली तर चालेल का?

समाधान : आत्ता नको. प्रत्येक खणाचे फोटो काढून होईपर्यंत तरी नको. जुन्या ग्रंथपालांनी कार्डाच्या कोपऱ्यात देणगीदाराचं नाव, हरवलेल्या प्रतीची खूण, 'पान ४० फाटले' अशी टिपणं केलेली असतात. ती संगणकात कुणीच भरत नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशा जागी खण भिंतीला टेकवून आणि गच्च भरून ठेवू नका. कार्डं सैल ठेवा आणि पावसाळा संपला की सावलीत पसरून वाळवा.

शंका : जुन्या पोथीवजा पुस्तकावर फक्त 'शके १८२०' आहे. संगणक चार आकडी इसवी सन मागतो.

समाधान : पुस्तकावर आहे ते जसंच्या तसं लिहा आणि चौकटी कंसात इसवी सन द्या : शके १८२० [१८९८ किंवा १८९९]. शकात ७८ मिळवायचे. महिना माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९. पौष दोन्ही वर्षांत पडू शकतो, तिथे तिथी पाहावी लागते. महिना दिलेलाच नसेल तर दोन्ही सालं राहू द्या, अंदाजाने एक खोडू नका. मग शंकर गणेश दात्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा १८०० ते १९३७ चा खंड जवळच्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन पाहा. पुस्तक तिथे सापडलं, तर दात्यांनी दिलेलं साल टिपेत त्यांच्या नावासह नोंदवा.