डोंगरीतील १०१ दिवस

सन १८८१ मध्ये 'केसरी' व इंग्रजी 'मराठा' ही वृत्तपत्रे निघाली. आगरकर पहिल्याचे व टिळक दुसऱ्याचे संपादक होते. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे तरुण छत्रपतींचा छळ करतात, असा बोभाटा तेव्हा झाला होता. बर्व्यांच्या नावाची काही पत्रे संपादकांपर्यंत पोहोचली. ती खरी मानून त्यांनी मजकूर छापला. बर्व्यांनी मुंबईत अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट ठरली! हेतू शुद्ध होता. परंतु छापलेले खोटे निघाले होते, व पणाला लागली होती ती दुसऱ्याची अब्रू. संपादकांनी क्षमा मागितली, तरी चार महिन्यांची कैद चुकली नाही. ऑक्टोबर १८८२ मध्ये, १०१ दिवसांनी, ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले, तेव्हा स्वागताला गर्दी लोटली होती. त्या जयघोषात बनावट पत्रांची आठवण कितीजणांना राहिली असेल?