परक्या भूमीवरील शर्यत

माती, चिखल व वाळू ह्यांच्या चढउतारांवरून मोटारसायकलींची जी शर्यत होते, तिला मोटोक्रॉस म्हणतात. हा खेळ युरोपांत वाढला. १९६६ सालीं स्वीडनचा जगज्जेता टॉर्स्टन हॉलमन अमेरिकेस गेला, तेव्हां त्यानें तेथील स्वारांस सहज मागें टाकलें. पुढें अमेरिकन तरुण स्वदेशीं तरबेज झाले. परंतु युरोपांत जाऊन जिंकणें ही निराळीच कसोटी होती.

पहिली अडचण शरीराची. कॅलिफोर्निया व बेल्जम ह्यांच्या घड्याळांत नऊ तासांचें अंतर आहे. बेल्जममध्यें दुपारचे दोन वाजतात, त्या वेळीं नवागताचें शरीर पहांटेचे पांच समजत असतें. दुसरी अडचण यंत्राची. हवा विरळ किंवा दाट झाली, कीं कार्ब्युरेटरमधील पेट्रोलाचें प्रमाण पुन्हां जुळवावें लागतें. जमीन बदलली, कीं साखळीचीं दातेरी चाकें बदलावीं लागतात.

तिसरी अडचण जमिनीची, व तीच सर्वांत बिकट. बेल्जममधील लॉमेल येथील वाट खोल वाळूची आहे. तेथें वेग एकाएकीं कमी केल्यास पुढचें चाक रुततें. म्हणून अंगाचा भार मागें ठेवून इंजिनाचा जोर कायम राखावा लागतो. शिवाय वाळूचे उंचवटे फेरीगणिक बदलतात. मघांची वाट पुढच्या फेरींत उरत नाहीं.

१९८१ सालीं ह्याच लॉमेलला डॅनी लापोर्ट, जॉनी ओमारा, चक सन व डॉनी हॅन्सन हे चार अमेरिकन स्वार उतरले. त्यांच्याकडून कोणास फारशी आशा नव्हती. परंतु त्यांचा व्यवस्थापक रॉजर डी कॉस्टर हा स्वतः बेल्जमचा असून पांच वेळां जगज्जेता झालेला होता. संघाच्या शर्यतींत एकट्याच्या पराक्रमानें भागत नाहीं. चौघांनीं मिळून लॉमेल जिंकलें, आणि त्याच महिन्यांत पश्चिम जर्मनींतील बीलश्टाइन येथें राष्ट्रसंघांची मुख्य शर्यतही जिंकली. पूर्वीं कधींही न मिळालेला हा मान पुढें १९९३ पर्यंत सलग तेरा वर्षें अमेरिकेकडे राहिला.

ब्रॅड लॅकी ह्याची तपश्चर्या तर याहून दीर्घ. तो वर्षानुवर्षें युरोपांत झगडला, १९७८ सालीं दुसरा आला, आणि १९८२ सालीं ५०० सी. सी. वर्गांत जगज्जेता झालेला पहिला अमेरिकन ठरला.

घरीं मिळविलेलें कौशल्य ही प्रवासाची शिदोरी होय. पण परमुलुखीं गेल्यावर तेथील जमीन नव्यानें शिकावीच लागते. उद्यां शिक्षणासाठीं घर सोडणाऱ्या मुलामुलींनीं, आणि त्यांस निरोप देणाऱ्या आईबापांनीं, पहिल्या अपयशानें खचून न जातां हें ध्यानांत ठेवावें.