बालसंधिवात : सांध्यातील दाह आणि पेशींचे संदेश

राधानगरी किंवा शाहूवाडीकडील एखाद्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी लंगडणारा मुलगा मधल्या सुट्टीत इतरांबरोबर धावताना दिसला, तर तो सोंग करतो असा समज होणे स्वाभाविक आहे. घरी ‘हाडे वाढताना दुखतातच’ असे म्हटले जाते. मुलगा तालमीत जाणारा असेल, तर पाय मुरगळला असे सर्वांनी आधीच ठरविलेले असते. परंतु सकाळी आखडलेला आणि दुपारपर्यंत मोकळा होणारा सांधा हे बालसंधिवाताचे एक महत्त्वाचे लक्षण आहे. संधिवात हा केवळ उतारवयाचा रोग नव्हे. लंडन येथील डॉ. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्येच मुलांतील या विकाराचे सविस्तर वर्णन केले होते.

वयाच्या सोळाव्या वर्षापूर्वी सुरू झालेली, सहा आठवडे टिकलेली आणि क्षयरोगासारखे अन्य कारण न सापडलेली सांध्याची सूज, अशी या रोगाची व्याख्या केली जाते.

सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असते व ते सांध्याला वंगण पुरविते. शरीरात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी ‘सायटोकाइन’ नावाच्या द्रव्यांद्वारे एकमेकींना संदेश देतात. संकट टळताच हे संदेश थांबावयास हवेत. बालसंधिवातात शत्रू नसतानाही ते चालूच राहतात. त्यामुळे अस्तर फुगते, सांध्यात पाणी साठते आणि कालांतराने कूर्चा व हाड झिजू लागते. गुडघ्याला रक्तपुरवठा वाढल्याने कधी तो पाय दुसऱ्यापेक्षा लांबही होतो.

हे संदेश सांध्यापुरते मर्यादित राहत नाहीत. इंटरल्युकिन-६ हे द्रव्य रक्तावाटे यकृतात पोहोचते आणि तेथे शरीरातील लोह अडकवून ठेवणारे हेप्सिडिन वाढविते. म्हणून अशा मुलाला शाळेतील लोहाच्या गोळ्या नियमित देऊनही त्याचा फिकेपणा हटत नाही. उंचीही खुंटते.

या रोगाचे अनेक प्रकार आहेत. भारतात मोठ्या मुलग्यांमध्ये टाच व गुडघा दुखविणारा प्रकार बराच आढळतो. दुसऱ्या एका प्रकारात रोज ताप चढतो व अंगावर पुरळ उठते. लहान मुलींत बहुधा एखादाच गुडघा सुजतो. मात्र डोळ्याच्या आतही दाह होतो, तोही डोळा लाल न होता. तेव्हा नेत्रतपासणी वेळोवेळी झालीच पाहिजे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले असता शिक्षकांनी असे मूल आवर्जून दाखवावे. पथक येण्यास अवकाश असल्यास थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यात, बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

उपचार आता पुष्कळ पुढे गेले आहेत. इंटरल्युकिन-६ चे जनुक १९८६ मध्ये जपानमधील ओसाका येथे उलगडले गेले, आणि त्याचा संदेश रोखणारे टोसिलिझुमॅब हे औषध २००८ मध्ये त्याच देशात बालसंधिवातासाठी मान्य झाले. अशी औषधे महाग असतात व ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक ठरते. बहुतेक मुलांना आधी मेथोट्रेक्सेट देतात. ही मात्रा आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास ती जीवावर बेतू शकते. घरातील मंडळींना वाचता येत नसल्यास शिक्षकांनी किंवा आशा कार्यकर्तीने पाकिटावर वार लिहून द्यावा.