भिलाई मोठी की रायपूर?

(कुरुद, भिलाई. मामा पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. भाची नागपूरहून आलेली.)

भाची : मामा, छत्तीसगडमधलं सगळ्यात मोठं शहर भिलाईच ना?

मामा : कुठली भिलाई, ते आधी सांग. २०११च्या जनगणनेत भिलाई महापालिकेत सव्वासहा लाख माणसं होती. दुर्ग, चरोदा, जामुल, कुम्हारी असा सलग शहरी पट्टा धरला, तर १०.६४ लाख. रायपूरच्या पट्ट्यात मात्र ११.२३ लाख.

भाची : थोडक्यात हुकलं की!

मामा : अगं, २००१मध्ये आपण चांगलेच पुढे होतो. आपले सव्वानऊ लाख, त्यांचे जेमतेम सात. पुढच्या दहा वर्षांत ते साठेक टक्क्यांनी वाढले, आपण पंधरा. अख्खं राज्य साडेबावीस टक्क्यांनी वाढलं, म्हणजे आपण राज्याच्याही मागे!

भाची : असं का झालं?

मामा : १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य झालं आणि राजधानी रायपूरला गेली. हायकोर्ट तेवढं बिलासपूरला. भिलाई वाढली ती कारखान्याच्या भरतीवर. १९५५मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. देशभरातून माणसं आली, आपल्या विदर्भातलीही. पुढे पोलाद वाढत गेलं, भरती मात्र आटली.

भाची : मग या कुरुदमध्ये एवढी नवी घरं कुणाची?

मामा : बरीचशी आमच्यासारख्यांची. निवृत्त झालं की कंपनीचं क्वार्टर सोडायचं. कंपनीच्या वसाहतीतल्या सेक्टरमध्ये प्लॉट घेऊन घर बांधायची सोय नाही. मग माणूस कोहका, कुरुद, जुनवानीकडे सरकतो. घरं दिसतात नवी, माणसं जुनीच. शहर पसरतं, तेवढं वाढत नाही.

भाची : मोबाइलवर कुरुद शोधलं, तर धमतरी जिल्हा आला.

मामा : ते तहसिलीचं कुरुद, निराळं. त्याचा आकडा इथे चिकटवू नकोस. अशी गल्लत फार होते. आणि कधी कधी तर सरकारी आदेशानेच आकडा उतरतो. २०१९च्या अखेरीस रिसाली भिलाईतून काढून वेगळी महापालिका केली. कुणी घर बदललं नाही, तरी कागदावर भिलाई लहान झाली.

भाची : मग आज खरा आकडा किती?

मामा : २०२१ची जनगणना झालीच नाही. पुढची गणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून व्हायची आहे. तोवर २०११नंतरचा जो आकडा दिसेल, तो अंदाज समज.